वाकलेल्या रेघेचा माग

नारायणगावात वाढलेल्या मुलामुलींना रेडिओ दुर्बिणीचं अप्रूप नसतं. खोडदच्या ४५ मीटरच्या तबकड्या शेतांच्या कडेला उभ्या दिसतात आणि २८ फेब्रुवारीला विज्ञान दिनाचं प्रदर्शन भरलं की शाळांच्या सहली तिकडेच जातात. सातवीत असताना तिथे मी एका दादांना विचारलं होतं, की या तबकड्यांना सूर्याचं रेडिओ बोलणं ऐकू येतं का. ते म्हणाले, "येतं की. पण खालच्या पट्टीतलं जे बोलणं आहे, ते जमिनीवर पोचतच नाही. वरच्या वर अडतं." हे उत्तर मी विसरले नाही. एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला प्रोजेक्ट निवडायची वेळ आली, तेव्हा मी मॅडमना सांगितलं की मला हे वरच्या वर अडणारं बोलणं ऐकायचं आहे.

अडतं ते आयनांबरामुळे, म्हणजे वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरामुळे. साधारण १० मेगाहर्ट्झच्या खालच्या रेडिओ लहरी बाहेरून आल्या तर आपल्या आयनांबरावरून परत फिरतात. आणि सूर्याच्या बाबतीत नेमक्या त्याच लहरी मोलाच्या आहेत. सूर्यावर उद्रेक झाला की कधी कधी इलेक्ट्रॉनांचा एक झोत चुंबकीय रेषेच्या आधाराने बाहेर धावत सुटतो. वाटेतल्या प्लाझ्माला, म्हणजे विद्युतभारित वायूला, तो झोत डिवचतो आणि तो प्लाझ्मा आपल्या स्वतःच्या वारंवारतेला, किंवा तिच्या दुपटीला, रेडिओ लहरी सोडतो. ही वारंवारता ठरते फक्त घनतेवर. एका घन सेंटिमीटरमध्ये जितके इलेक्ट्रॉन, त्याचं वर्गमूळ काढा, ९ ने गुणा, उत्तर किलोहर्ट्झमध्ये मिळतं. सूर्यापासून जितकं लांब, तितका प्लाझ्मा विरळ, तितका आवाज खालच्या पट्टीत. म्हणजे झोत पुढे सरकतो तसा सूर खाली उतरत जातो. सूर्याच्या केंद्रापासून दोन सौर त्रिज्यांच्या थोडं पलीकडे गेलं की तो १० मेगाहर्ट्झच्या खाली येतो आणि तिथून पुढची सगळी कथा जमिनीवरच्या कुठल्याही दुर्बिणीला बंद. ती ऐकायची तर अँटेना वर न्यायला हवा.

मॅडमनी मला विंड या यानाचा डेटा घ्यायला सांगितला. १ नोव्हेंबर १९९४ ला सुटलेलं हे यान माझ्यापेक्षा वयाने मोठं आहे. २००४ पासून ते पृथ्वीपासून सूर्याच्या दिशेला सुमारे १५ लाख किलोमीटरवर, एल-वन बिंदूच्या भोवती फिरतंय. तीन सेकंदांत एक गिरकी घेतं आणि त्या गिरकीनेच त्याच्या लांबलचक तारांचे अँटेना ताणलेले राहतात. त्यावरचं वेव्ह्ज हे उपकरण काही किलोहर्ट्झपासून जवळपास १४ मेगाहर्ट्झपर्यंत ऐकतं. सगळा डेटा नासाच्या गॉडार्ड केंद्राच्या सीडीएवेब या भांडारात खुला आहे. ना अर्ज, ना परवानगी. पुण्यातल्या भाड्याच्या खोलीत बसून, मोबाइलच्या हॉटस्पॉटवर, मी पहिल्या रात्री एका महिन्याचा डेटा उतरवून घेतला. हे माझ्यासारखीला शक्य आहे याचं मला आजही फार वाटतं.

पहिले दोन आठवडे फाइली उघडण्यातच गेले. जिथे मोजमाप नाही तिथे या फाइलींत उणे एक आणि त्यापुढे एकतीस शून्यं असा आकडा भरलेला असतो. तो आधी गाळला नाही तर सरासरी कुठल्या कुठे जाते. माझीही गेली. पायथनमध्ये एक ओळ घातली आणि प्रश्न मिटला.

मग पहिलं खरं चित्र आलं. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वारंवारता, रंग म्हणजे तीव्रता. निळ्या पार्श्वभूमीवर वरून खाली येणाऱ्या पिवळ्या रेघा दिसत होत्या. वर अगदी सरळसोट, खाली येताना उजवीकडे झुकत, पसरत, फिकट होत गेलेल्या. याच टाइप थ्री, इलेक्ट्रॉनांच्या झोताने उमटवलेल्या रेघा. सूर्याच्या रेडिओ उद्रेकांचं हे वर्गीकरण १९५० च्या सुमाराला ऑस्ट्रेलियात पॉल वाइल्ड यांनी केलं. मला मात्र त्या चित्रात रेघांपेक्षा खालचे ठिपक्याठिपक्यांचे तेजस्वी पट्टे जास्त ठळक वाटले. काही शे किलोहर्ट्झच्या आसपास ते तासन्‌तास लुकलुकत होते. सूर्य इतका वेळ सलग बोलतोय असं समजून मी त्यांची नोंद करायला घेतली.

"हे पार्करवर दिसतंय का बघ," मॅडम म्हणाल्या.

पार्कर सोलर प्रोब हे नासाचं यान तेव्हा सूर्याच्या दुसऱ्याच बाजूने जात होतं. त्याच्या फील्ड्स उपकरणाचा त्याच दिवसाचा डेटा शेजारी मांडला. टाइप थ्रीच्या रेघा दोन्हीकडे होत्या. लुकलुकणारे पट्टे फक्त विंडवर. म्हणजे ते सूर्याचे नव्हतेच, आपल्या पृथ्वीचे होते. ध्रुवीय प्रकाशाच्या पट्ट्यांच्या वर, काही हजार किलोमीटर उंचीवर, पृथ्वी स्वतः रेडिओ लहरी सोडत असते आणि त्या १५ लाख किलोमीटरवरच्या विंडला सहज ऐकू येतात. जमिनीवर मात्र त्या येत नाहीत, तेच आयनांबर त्यांनाही खाली येऊ देत नाही. त्या दिवसापासून मी एका यानावर दिसलेल्या कुठल्याच गोष्टीला सूर्याची म्हणायचं सोडलं.

२०२४ च्या पावसाळ्यातला एक दिवस मी निवडला. दुपारची एक सुटी, स्वच्छ रेघ, आधी-नंतर तासभर दुसरी गडबड नाही. आता काम होतं प्रत्येक वारंवारतेला तीव्रता कमाल कधी झाली ते टिपायचं. हे कोडने होतं, पण मॅडमनी पहिल्यांदा हाताने करायला लावलं. एकेका चॅनेलचा आलेख उघडायचा, चढ बघायचा, शिखर बघायचं, वेळ वहीत लिहायची. वरच्या वारंवारतांना शिखर सुईसारखं टोकदार, मिनिटभरात येऊन गेलेलं. खाली १०० किलोहर्ट्झला तोच आवाज अर्धा तास रेंगाळलेला, शिखर इतकं बोथट की त्याची वेळ पाच मिनिटं इकडे की तिकडे हे मनाला विचारून ठरवावं लागत होतं. साठ चॅनेल झाले तेव्हा मला कळलं की मॅडमनी हे हाताने का करायला लावलं. कोडने मला एक वेळ दिली असती. हाताने मला ती वेळ किती विश्वासाची आहे हेही कळलं. वहीत प्रत्येक वेळेपुढे मी अधिक-उणे लिहायला लागले आणि शेवटच्या अहवालातल्या सगळ्या चुकांच्या मर्यादा त्या वहीतूनच आल्या.

१ मेगाहर्ट्झपासून १०० किलोहर्ट्झपर्यंत उतरायला रेघेला २५ मिनिटं लागली होती. यावरून झोताचा वेग काढायचा तर त्या दोन वारंवारता सूर्यापासून किती अंतरावर निघाल्या हे कळायला हवं. त्यासाठी घनतेचं एक प्रचलित सूत्र आहे, लब्लाँ, डल्क आणि बुझेरे यांनी १९९८ मध्ये दिलेलं, आणि तेही विंडच्याच टाइप थ्री रेघांवरून काढलेलं. त्यात आकडे घातले आणि पहिलीच अडचण उभी राहिली. ऐकू आलेली वारंवारता प्लाझ्माची मूळ वारंवारता आहे की तिची दुप्पट? मूळ मानली तर १ मेगाहर्ट्झ म्हणजे सूर्यापासून सहा-सव्वासहा त्रिज्या. दुप्पट मानली तर अकरा. १०० किलोहर्ट्झला हेच अंतर ५२ की १०३. आणि चित्राकडे कितीही वेळ बघत बसलं तरी रेघ स्वतःहून सांगत नाही.

मी दोन्ही गणितं केली. दुप्पट मानून झोताने २५ मिनिटांत ९२ सौर त्रिज्या, म्हणजे ६ कोटी ४० लाख किलोमीटर कापले; वेग सेकंदाला जवळपास ४३ हजार किलोमीटर. पण झोत आपल्याकडे येत असेल तर शेवटच्या लहरींना आपल्यापर्यंत यायला पहिल्यांपेक्षा कमी वाट असते. प्रकाशाला ९२ त्रिज्या जायला साडेतीन मिनिटं लागतात, तेवढी मिळवली की वेग ३७ हजारांच्या घरात येतो. प्रकाशाच्या वेगाचा आठवा हिस्सा. मूळ वारंवारता मानली तर याच्या जेमतेम निम्मा, २० हजारांच्या आसपास. दोन्ही आकडे शक्य कोटीतले. मॅडमनी दोन्हींखाली पेन्सिलने रेघ मारली आणि विचारलं, "हा झोत नाकासमोर आला असं तू धरलंयस. कुठल्या वाटेने आला?"

वाट म्हणजे चुंबकीय रेषा. इलेक्ट्रॉन त्या रेषेभोवती गिरक्या घेत तिच्याच बाजूने जातात, आडवे जाऊ शकत नाहीत. म्हणून रेडिओची रेघ ही एका अर्थाने चुंबकीय रेषेचाच माग असते. इथे मॅडमनी मला डॉ. गोविंद स्वरूप यांचं जुनं काम दाखवलं. खोडदची दुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, उभारणारे म्हणून ते मला माहीत होते. पण १९५८ मध्ये, अमेरिकेत असताना, त्यांनी आणि ॲलन मॅक्सवेल यांनी सूर्याच्या रेडिओ चित्रांत एक वेगळीच रेघ ओळखली होती: खाली उतरणारी, मग वळून पुन्हा वर चढणारी, इंग्रजी यू अक्षरासारखी. तिथे इलेक्ट्रॉन बंद कमानीवरून वर जाऊन दुसऱ्या पायाने पुन्हा सूर्याकडे उतरले होते. रेघ परत फिरली तर रेषा बंद, रेघ खाली उतरतच गेली तर रेषा बाहेर अवकाशात उघडी. त्याच स्वरूपांनी १९६५ मध्ये आपल्या कल्याणजवळ ३२ छोट्या तबकड्या मांडून ६१० मेगाहर्ट्झवर सूर्याचा अभ्यास सुरू केला. कल्याणला माझी मावशी राहते. तिकडे लोकलने जाताना मला आता दरवेळी त्या ३२ तबकड्या आठवतात.

माझी रेघ परतली नव्हती. रेषा उघडी होती. पण उघडी रेषा सरळ नसते. सौरवारा, म्हणजे सूर्यातून सतत सुटणारे भारित कण, सूर्यापासून सरळ बाहेर वाहतो, पण सूर्य स्वतः फिरत असल्यामुळे त्या वाऱ्यात गोठलेली चुंबकीय रेषा सर्पिल होते. हे युजीन पार्कर यांनी १९५८ मध्ये मांडलं. तो लेख दोन परीक्षकांनी नाकारला होता आणि संपादक असलेल्या सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी तरीही छापला. मी हे सगळं पाठ केलं होतं, सूत्र लिहू शकत होते, पण ते डोळ्यांसमोर येत नव्हतं. कण सरळ जातात तर रेषा वाकडी कशी?

ते आलं जानेवारीत, गावी. कांद्याला मिनी स्प्रिंकलर लावले होते आणि अण्णा कडेच्या ओळीचा कॉक बंद करायला निघाले होते. मी विहिरीच्या कठड्यावर उभी होते, तिथून एक स्प्रिंकलर वरून दिसत होता. पाण्याच्या दोन कमानी, फिरत्या चक्रीच्या मागे वाकलेल्या.

"अण्णा, थांबा, बंद करू नका!"

"काय गं, काय झालं?"

मी मोबाइलवर स्लो मोशनमध्ये तो स्प्रिंकलर टिपला. खाली येऊन दोघांनी तो पाहिला. एकेक थेंब तोटीतून निघून सरळ बाहेरच जात होता. पण तोटी फिरत असल्यामुळे पुढचा थेंब थोड्या वेगळ्या दिशेला सुटत होता आणि एकाच वेळी हवेत असलेल्या सगळ्या थेंबांना जोडणारी ओळ वाकडी दिसत होती. अण्णा दोनदा बघून म्हणाले, "म्हणजे पाणी वाकडं जातच नाही. आपल्याला वळण दिसतंय ते नुसतं रांगेचं." मी तेच वाक्य पुण्याला येऊन मॅडमना सांगितलं आणि अहवालात सर्पिलाच्या आकृतीखाली त्याच अर्थाचं लिहिलं.

सौरवाऱ्याचा वेग त्या दिवशी सेकंदाला ४०० किलोमीटरच्या आसपास होता. त्या वेगाला पृथ्वीजवळ रेषा सूर्याच्या दिशेशी साधारण ४५ अंशांचा कोन करते, आणि तिचं सूर्यावरचं मूळ आपल्याला दिसणाऱ्या तबकडीच्या मध्यापासून पश्चिमेला सुमारे ६० अंशांवर पडतं. तिथे खरोखरच एक सक्रिय प्रदेश होता आणि रेघ सुरू झाली त्याच मिनिटांत त्यावर छोटा भडका उडाला होता. इथवर सगळं जुळत होतं. उरलं होतं चुंबकीय चिन्ह. मुळाशी क्षेत्र बाहेरच्या दिशेचं असेल तर त्या रेषेवर पुढे सगळीकडे ते बाहेरच्याच दिशेचं हवं. पार्कर आणि विंड दोन्ही यानं एव्हाना त्याच पट्ट्याला जोडलेली असावीत असं गणित सांगत होतं.

दोन्हींवरच्या, चुंबकीय क्षेत्र मोजणाऱ्या मॅग्नेटोमीटरांचे आकडे काढले. पार्करवर मुख्य घटक अधिक. विंडवर उणे.

मी दिवसभर कोड तपासला. त्यात चूक नव्हती. मग मी स्वतःला पटवलं की दोन्ही यानांच्या मधून सौर चुंबकत्वाची सीमा जात असणार, ज्या पातळ पडद्याच्या एका बाजूला क्षेत्र बाहेर आणि दुसऱ्या बाजूला आत असतं. असा पडदा खरोखर असतो, त्यावर भरपूर वाचायला मिळतं, आणि मी ते वाचून अहवालाची चार पानं लिहिली. बारा दिवस त्यात गेले. माझ्या रेघेचे इलेक्ट्रॉन मग विंडपर्यंत येऊच शकत नाहीत, असंही मी त्यात ठामपणे लिहिलं.

मॅडमनी चारही पानं शांतपणे वाचली. मग पाठकोऱ्या कागदावर सूर्य काढला, पृथ्वी काढली आणि पेन माझ्या हातात दिलं. "विंडचा एक्स अक्ष काढ."

मी पृथ्वीपासून सूर्याकडे बाण काढला.

"आता पार्करचा आर."

सूर्यापासून बाहेर बाण काढला, आणि तो पुरा व्हायच्या आत मला दिसलं. दोन बाण समोरासमोर होते. विंडच्या फाइलीत एक्स अक्ष सूर्याकडे तोंड करून असतो, पार्करच्या फाइलीत आर अक्ष सूर्याकडे पाठ करून. एकच क्षेत्र, एकीकडे उणे, दुसरीकडे अधिक. विंडवरचा दुसरा घटकही पाहिला: एक्स उणे आणि वाय अधिक, म्हणजे सूर्यापासून दूर जाणारं, सर्पिलाला धरून असलेलं क्षेत्र. पडदा नव्हता. दोन्ही यानं एकाच बाजूला होती. मी ती चार पानं काढून टाकली. त्यानंतर माझ्या प्रत्येक आलेखाच्या कोपऱ्यात मी छोटासा सूर्य आणि अक्षाचा बाण काढते. प्रयोगशाळेतल्या धाकट्या मुलांनाही मी तो काढायला लावते.

मुळाचं चिन्ह बघायला सोलर डायनॅमिक्स ऑब्झर्व्हेटरी या यानाचे चुंबकीय नकाशे घेतले. त्यांत बाहेर येणारं क्षेत्र पांढरं, आत जाणारं काळं दिसतं. सूर्याच्या तबकडीच्या कडेला हे नकाशे फसवतात, कारण आपण क्षेत्राकडे तिरकं बघत असतो. म्हणून मी तोच प्रदेश साडेचार दिवस आधी, मध्यावर असतानाचा, शोधून काढला. सूर्याच्या उत्तर गोलार्धातली डागांची जोडी, पुढचा डाग पांढरा, मागचा काळा, या सौरचक्रात उत्तरेला असायला हवी तशीच. उघड्या रेषेचं मूळ पांढऱ्या बाजूला पडत होतं.

आता एकच प्रश्न उरला होता, दुपटीचा. झोत विंडपर्यंत येऊ शकत होता, तर तो कधी आला? सर्पिलाच्या वाटेने अंतर सुमारे साडेसतरा कोटी किलोमीटर. वेग ३७ हजार असेल तर पहिली रेघ दिसल्यावर साधारण सत्तर मिनिटांनी, आणि वीस हजारांच्या आसपास असेल तर दोन तास वीस मिनिटांनी. झोत यानापाशी पोचला की यानाभोवतीचाच प्लाझ्मा थरथरतो आणि सगळ्यात खालच्या वारंवारतांत, स्थानिक प्लाझ्मा वारंवारतेवर, एकदम तीव्र ठिणग्या उमटतात. त्या बघायला मी वेव्ह्जच्या खालच्या रिसीव्हरचा डेटा उघडला. दिवसभर २७ किलोहर्ट्झच्या आसपास एक मंद आडवी रेघ होती. म्हणजे घन सेंटिमीटरला ९ इलेक्ट्रॉन, आणि कण मोजणाऱ्या उपकरणाचा आकडाही तेवढाच. मी ती रेघ डावीकडून उजवीकडे मिनिटामिनिटाने पाहत गेले. तासभर काही नाही. पासष्टाव्या मिनिटाला काही नाही. शहात्तराव्या मिनिटाला ती मंद रेघ पेटली. दहाबारा मिनिटं तिच्यावर तुटक, झगझगीत ठिपके होते, मग पुन्हा मंद. दोन तासांच्या पुढचं सगळं मी दोनदा तपासलं. तिथे काहीही नव्हतं.

संध्याकाळी सात वाजता मी प्रिंट घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. त्यांनी चष्मा वर सरकवून पट्टी लावली, पहिल्या रेघेपासून ठिपक्यांपर्यंतचं अंतर मोजलं आणि वीस हजारांच्या आकड्यावर पेन्सिलने काट मारली. मग सगळ्यात वेगवान इलेक्ट्रॉन आधी येऊन गेलेले असू शकतात, ठिपके त्यांच्या मागच्यांचे असतील, एवढी एक ओळ समासात लिहायला सांगितली. मी उभ्या उभ्याच ती लिहिली.

"इस्रोने प्रदान या पोर्टलवर आदित्य यानाचा डेटा खुला केलाय," त्या म्हणाल्या. "सहा मीटरच्या दांड्यावर दोन मॅग्नेटोमीटर आहेत त्याचे. तेही एल-वनलाच. उद्या उतरवून घे."

"अक्ष कुठला आहे ते आधी बघते," मी म्हटलं.

"तेच सांगणार होते," म्हणून त्यांनी प्रिंट माझ्या हातात परत दिली.